हब मोटरची ताकदवान सायकल: हिशोब आधी, खरेदी नंतर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑगडेन बोल्टन यांना 31 डिसेंबर 1895 रोजी विजेवर चालणाऱ्या सायकलचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, मधे गिअर नाही, आणि 10 व्होल्टच्या बॅटरीतून 100 अँपिअरपर्यंत करंट. म्हणजे कागदावर चक्क एक किलोवॉट. आज आपण बसवतो ती डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर मुळात हीच कल्पना आहे. ब्रश गेले, निओडिमियमचे मॅग्नेट आले, व्होल्टेज वाढलं. गिअर मात्र तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. जास्त ताकदीची सायकल बांधताना ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ याच गोष्टीत आहे.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण सायकल कुठे चालवायची हे त्यावर ठरतं. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची 30 मिनिटांची पॉवर 0.25 किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यापुढे गेलात की टाइप अप्रूव्हल (वाहनाच्या त्या मॉडेलला अधिकृत मंजुरी), नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बांधलेल्या एका सायकलसाठी टाइप अप्रूव्हल मिळवणं व्यवहारात शक्य नसतं. म्हणून खाली जी 1500 वॉटच्या आसपासची सायकल मांडली आहे ती शेत, फार्महाऊस, कारखान्याचं आवार अशा खासगी जागेसाठी. अशी सायकल रस्त्यावर नेऊन कुणाला धडक बसली, तर विमा नाही आणि नुकसानभरपाई तुमच्या खिशातून.

खोक्यावरचे वॉट विसरा

मोटरच्या खोक्यावर 1000, 1500, 3000 असे आकडे छापलेले असतात. मोटर किती वॉट खाईल हे कंट्रोलर किती करंट सोडतो त्यावर ठरतं. मोटरच्या हातात एकच गोष्ट असते: आत तयार झालेली उष्णता न जळता बाहेर टाकणं. त्यामुळे विचारायचे प्रश्न दोनच. स्टेटरचा (तांब्याची तार गुंडाळलेल्या आतल्या स्थिर भागाचा) व्यास किती आणि मॅग्नेटची रुंदी किती? बाजारातल्या बऱ्याचशा डायरेक्ट ड्राइव्ह मोटरींचा स्टेटर 205 मिलिमीटरचा असतो आणि मॅग्नेट 28, 35, 45 किंवा 50 मिलिमीटर रुंद. एकाच व्यासाच्या दोन मोटरींमध्ये रुंद मॅग्नेटची मोटर जास्त टॉर्क देते, कारण तांबं आणि लोखंड दोन्ही जास्त. आपल्या कामाला 35 मिलिमीटरची पुरते. ती साधारण साडेसहा-सात किलोची असते. 50 मिलिमीटरच्या मोटरीला मागच्या चिमट्यात जागाही जास्त लागते. नेहमीच्या 135 मिलिमीटरच्या फ्रेममध्ये ती ताणून बसवू नये.

तिसरा आकडा केव्ही, म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम. केव्ही 9 असलेली मोटर 52 व्होल्टवर चाक उचललेलं असताना 468 आरपीएम फिरते. 26 इंची चाकाचा परीघ 2.07 मीटर धरला तर ताशी 58 किलोमीटर. माणूस बसल्यावर त्याच्या 80 टक्क्यांच्या आसपास.

‘कमी केव्हीच्या मोटरला टॉर्क जास्त’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. अर्धवट खरं आहे. एकाच आकाराच्या दोन मोटरींत तांबं सारखंच भरलेलं असेल, तर तेवढाच टॉर्क देताना दोघीत उष्णताही तेवढीच होते. फरक इतकाच की जास्त केव्हीवाली तो टॉर्क जास्त अँपिअर घेऊन देते, म्हणून तिच्या फेज वायरी (कंट्रोलरकडून मोटरीला करंट नेणाऱ्या तीन वायरी) आणि कंट्रोलर जास्त तापतात. टॉर्क खरोखर वाढवायचा तर मोटर मोठी घ्या, नाहीतर चाक लहान करा.

चढाचा हिशोब

चाक लहान करण्यानं काय होतं ते आकड्यांत पाहू. सायकल, माणूस आणि थोडं सामान मिळून 130 किलो. चढ 8 टक्के, म्हणजे 100 मीटरला 8 मीटर. कच्चा रस्ता, वेग ताशी 20. चढासाठी सुमारे 102 न्यूटन, घर्षणाला 19, वाऱ्याला 11; एकूण 132 न्यूटन. ताशी 20 ला याची पॉवर होते साधारण 730 वॉट.

26 इंची चाकाची त्रिज्या 0.33 मीटर, म्हणून टॉर्क लागतो 43-44 न्यूटन-मीटर. केव्ही 9 च्या मोटरीला एका फेज अँपिअरला 1.06 न्यूटन-मीटर मिळतात (9.55 ला केव्हीनं भागायचं), म्हणजे 41 अँपिअर. दोन फेजमधला रेझिस्टन्स 0.15 ओहम धरला तर 41 चा वर्ग गुणिले 0.15, म्हणजे तांब्यात 250 वॉट उष्णता. आता 20 इंची चाक लावा. त्रिज्या 0.25, टॉर्क 33, करंट 31 अँपिअर, उष्णता 145 वॉटच्या आत. तोच चढ, तोच वेग, तेवढंच वजन आणि उष्णता मात्र 40 टक्क्यांहून जास्त घटली. करंटचा वर्ग होतो म्हणून एवढा फरक पडतो. बंद हबच्या मोटरीसाठी सतत 200 ते 250 वॉट उष्णता ही आपल्या उन्हाळ्यात वरची हद्दच समजा.

यातच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. अशा मोटरीच्या स्टेटरमध्ये सुमारे 3 किलो लोखंड-तांबं असतं. 250 वॉट उष्णता त्यात शिरली की तापमान सुरुवातीला मिनिटाला 10-12 अंशांनी चढतं. म्हणून दोन मिनिटांच्या चढाला मोटर हसत जाते, आणि तोच चढ दहा मिनिटं चालला की वार्निशचा वास यायला लागतो. त्यात तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला 0.39 टक्क्यांनी वाढतो. 110 अंशांवर तो 30 अंशांच्या मानानं 31 टक्के जास्त असतो, म्हणजे तापलेली मोटर आणखी जोरात तापते. ‘परवापर्यंत ठीक चालत होती’ असं म्हणत जळालेल्या मोटरी येतात, त्यांची कथा बहुधा हीच.

सगळ्यात वाईट म्हणजे चढावर अडकून थ्रॉटल पिळत राहणं. कंट्रोलरनं 80 फेज अँपिअर सोडले आणि चाक हललं नाही, तर बॅटरीचा मीटर जेमतेम 20 अँपिअर दाखवतो. आत मात्र 960 वॉट उष्णता होते आणि एक वॉटही चाकाला मिळत नाही. अशा वेळी उतरून ढकला. लांब चढावर वेग रिकाम्या चाकाच्या वेगाच्या अर्ध्याच्या आसपास राहील असं चाक आणि व्होल्टेज निवडा. वरच्या उदाहरणात 20 इंची चाकाचा रिकामा वेग ताशी 44 होतो, म्हणजे 20 नं चढणं बसतं. 26 इंचीत ते बसत नाही.

20 इंची चाकासाठी सायकलच्या दुकानातली रिम घेण्यापेक्षा मोपेडची 16 इंची रिम घ्या. दोन्हींचा टायर बसण्याचा व्यास जवळजवळ सारखा असतो, आणि 2.50-16 चा टायर-ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळतो. बाहेरचा व्यास थोडा वाढतो, पण खड्ड्यात ट्यूब चावली जाणं जवळपास थांबतं. सात किलोचा हब चाकात असताना ही मोठी सोय आहे. हबची छिद्रं बहुतेक 36 असतात, रिमचीही तेवढीच आहेत ना हे मोजून घ्या.

स्पोक 13 गेजचे, किंवा डोक्याकडे 13 आणि खाली 14 असे. 12 गेजचे जाड स्पोक दिसायला दणकट, पण सायकलची रिम त्यांना हवा तेवढा ताण सोसत नाही. ताण कमी म्हणून स्पोक दर फेरीला ढिले-घट्ट होतात आणि वाकाच्या ठिकाणी तुटतात. हबच्या फ्लँजची छिद्रं मोठी असतील तर स्पोकच्या डोक्याखाली छोटा पितळी वायसर घाला. फ्लँज मोठा आणि रिम लहान, त्यामुळे निपल तिरपं येतं. एकच क्रॉस घ्या (प्रत्येक स्पोक दुसऱ्या एकाच स्पोकला ओलांडेल असा), आणि तरी तिरपं येत असेल तर रिमचं छिद्र त्या दिशेला कानशीनं किंचित ओढून घ्या.

एक्सल: इथे काटकसर नको

मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोरानं एक्सलला मागे फिरवत असते. एक्सलच्या दोन सपाट बाजूंमध्ये 10 मिलिमीटर अंतर असतं आणि ते ड्रॉपआउटच्या (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या टोकाच्या) खाचेत बसतं. 80 फेज अँपिअरला 85 न्यूटन-मीटर टॉर्क. तो 10 मिलिमीटरच्या आत पेलायचा म्हणजे खाचेच्या कडांवर सुमारे 850 किलोचा जोर. स्टीलचा ड्रॉपआउट आधी फाकतो, म्हणजे निदान दिसतं. ॲल्युमिनियमचा न सांगता तडकतो. एक्सल एकदा फिरला की त्याच्या पोकळीतून येणाऱ्या वायरी पिळवटून तुटतात, फेज एकमेकांना भिडतात आणि कंट्रोलर उडतो. म्हणून ॲल्युमिनियम किंवा शॉकअपच्या पुढच्या चिमट्यात हजार वॉटची हब मोटर बसवूच नये. मागच्या स्टीलच्या चिमट्यात, आणि दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी, फ्रेमला बांधलेली पट्टी) लावूनच.

बाजारात मिळणारी 3 मिलिमीटरची पत्र्याची टॉर्क आर्म 250 वॉटची आहे. तुम्हाला 6 मिलिमीटर स्टीलची हवी. भोसरी एमआयडीसीसारख्या भागात लेझर कटिंगवाले दोन नगही कापून देतात. खाच 10 ची न कापता 9.8 ची कापायला सांगा आणि एक्सलवर ठेवून कानशीनं घासत बसवा. हातानं हलवली तर अजिबात खुळखुळता कामा नये, हातोडीच्या हलक्या टोल्यानं बसेल इतकी घट्ट. एक्सलपासून 100 मिलिमीटरवर बोल्टनं फ्रेमला धरली की तिथे जोर उतरून 85 किलोच्या आसपास येतो, आणि तो फ्रेमची नळी सहज घेते. रीजन ब्रेक (मोटरीनंच वेग कमी करून ऊर्जा बॅटरीत परत भरणारा) वापरणार असाल तर ही घट्ट बसण जास्तच महत्त्वाची: टॉर्क दर ब्रेकला उलटतो, एक्सल मागे-पुढे कुरतडतो, आणि नट आपोआप सैल होतो.

नट आवळताना 40 न्यूटन-मीटरपर्यंत थांबा. एक्सल वायरींसाठी पोकळ केलेला असतो. लांब पाना लावून जोर केला तर आटे जातात, आणि मग मोटर उघडून एक्सल बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नटाखालचा वायसर ड्रॉपआउटच्या खोलगट भागात टेकतो आहे का, तेही बघा. कडेवर चढून बसला तर पाना घट्ट सांगतो आणि एक्सल सैलच राहतो.

वायर एक्सलमधून बाहेर आली की आधी खाली वळवा आणि मग वर न्या. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत मोटरीत शिरतं. वळसा खाली असला तर ते तिथून ठिबकून जातं. तापलेला हब ओढ्याच्या पाण्यात बुडवला की आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. बसवण्याआधी झाकण उघडून स्टेटरच्या उघड्या लोखंडावर वार्निशचा हात मारलेला बरा, कारण कोकणात एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

झाकण उघडलंच आहे तर तापमानाचा सेन्सरही टाका. 10 किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर, वाइंडिंगच्या टोकाला एपॉक्सीनं चिकटवून, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरली आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरींतली मोकळी सहावी वायर त्याला द्यायची. कंट्रोलरमध्ये 100 अंशांपासून करंट कमी आणि 125 ला बंद असं लावा. मॅग्नेटना आणि वायरीच्या इनॅमलला यापुढे नेण्यात अर्थ नाही. व्हँकूव्हरच्या ग्रिन टेक्नॉलॉजीजचं स्टेटोरेड नावाचं फेरोफ्लुइड (मॅग्नेटकडे ओढला जाणारा द्रव) मिळालं, तर 35 मिलिमीटरच्या मोटरीत 5 ते 10 मिलिलिटर पुरतं. मॅग्नेट ते जागच्या जागी धरून ठेवतात आणि स्टेटरची उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत जायला वाट मिळते. गिअर असलेल्या हबमध्ये मात्र ते चालत नाही. झाकणाला भोकं पाडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. भोकातून हवा जाते तशी धूळ, चिखल आणि लोखंडाचा कीसही जातो.

बॅटरी

वरच्या चढाला बॅटरीतून 21 अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणून 30 अँपिअरचा कंट्रोलर आणि तेवढे सतत देणारी बॅटरी. वजन कमी हवं तर 21700 आकाराचे मोलिसेलचे पी42ए, 14 सिरीज 5 पॅरलल, एकूण 70 सेल. सेलांचंच वजन 4.9 किलो, 21 अँपिअर-अवर, साधारण 1050 वॉट-अवर, पूर्ण चार्ज 58.8 व्होल्ट. एका सेलवर 6 अँपिअर येतात, ते त्याच्या दृष्टीनं किरकोळ. पण पहिलाच पॅक बांधत असाल आणि सायकल विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभी राहणार असेल, तर स्पष्ट सांगतो: लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. 16 सिरीज, 51.2 व्होल्ट, चार्ज 58.4. स्क्रूच्या टोकांचे 15 अँपिअर-अवरचे सेल दोन पॅरलल लावले की 30 अँपिअर-अवर होतात. तेवढ्याच वॉट-अवरला वजन जवळजवळ दुप्पट, पण स्पॉट वेल्डिंग नको, एखादा सेल बदलायचा तर पान्याचं काम, आणि चुकलं तरी आग लागण्याचा धोका खूपच कमी.

सेल घेताना वजनकाटा जवळ ठेवा. खरा 18650 सेल 45 ते 48 ग्रॅमचा, 21700 सुमारे 70 ग्रॅमचा. 18650 वर ‘9900’ छापलेलं असेल तर तो हातातही घेऊ नका. निकेलची पट्टी खरी की लोखंडावर मुलामा, हे पट्टी कानशीनं खरवडून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवली की कळतं. गंज आला की मुलामा. 0.15 गुणिले 8 मिलिमीटरच्या शुद्ध निकेल पट्टीवर 5-6 अँपिअरच धरा, आणि जिथे मुख्य केबल जोडायची तिथे तांब्याची पट्टी द्या. प्रत्येक सेलच्या प्लस टोकावर बार्ली पेपरची (वीज न वाहणाऱ्या जाड कागदाची) चकती हवीच. त्या टोकाची कड म्हणजे मायनस असतो, वर फक्त प्लास्टिकचं पातळ आवरण. पट्टी घासून ते फाटलं की थेट शॉर्ट.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि त्याच्यावर डीसी व्होल्टेज लिहिलेलं वाचून घ्या. गाडीचा साधा ब्लेड फ्यूज 32 व्होल्टचा असतो. 58 व्होल्टला तो वितळूनही आतला आर्क चालू राहू शकतो. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही, कारण तेच.

कंट्रोलर जोडताना मोठी ठिणगी उडते ती त्याच्या कपॅसिटरची. दर वेळी कनेक्टरचं सोनं जळतं. एक्सटी90-एस कनेक्टरमध्ये यासाठी 5.6 ओहमचा रेझिस्टर आतच असतो. घालताना अर्ध्यावर क्षणभर थांबायचं, मग पूर्ण दाबायचं.

जोडणी आणि पहिली चाचणी

चाक जमिनीपासून वर. हॉलच्या पाच वायरींत लाल 5 व्होल्ट, काळी ग्राउंड, उरलेल्या पिवळी, हिरवी, निळी. मल्टिमीटर काळी आणि पिवळीत लावून चाक हातानं अगदी हळू फिरवा: 0, 5, 0, 5 असं दिसलं पाहिजे. 46 मॅग्नेटच्या मोटरीत एका फेऱ्यात हे 23 वेळा होतं, आणि काही डिस्प्लेंत वेगासाठी हाच 23 भरावा लागतो. तिन्हींपैकी एक वायर हलतच नसेल तर हॉल गेलेला किंवा वायर तुटलेली.

फेज आणि हॉलच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. एकूण 36 जोड्या होतात. त्यातल्या 6 बरोबर, 3 पुढे जाणाऱ्या आणि 3 मागे. हॉल तसेच ठेवून फेजच्या सहा जोड्या पाहिल्या की एक पुढची नक्की सापडते. थ्रॉटल अगदी थोडा द्या. बरोबर जोडीत मोटर मऊ आवाजात फिरते आणि रिकाम्या चाकाला पूर्ण वेगात एक-दोन अँपिअर खाते. काही चुकीच्या जोड्यांतही चाक फिरतं, पण घरघरतं आणि अँपिअर कितीतरी पट घेतं. ‘फिरतंय ना’ म्हणून तसंच सोडलं की कंट्रोलरचे मॉस्फेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात.

चाक जड फिरत असेल तर फेजच्या तिन्ही वायरी कंट्रोलरपासून सोडवा. मोकळं झालं तर कंट्रोलरचा मॉस्फेट शॉर्ट. तरीही जडच राहिलं तर वायरी मोटरीच्या आत किंवा एक्सलच्या तोंडाशी भिडलेल्या आहेत. मोटर उघडण्याआधी एक्सलच्या तोंडाजवळची चार बोटं वायर तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

ब्रेक पुढे-मागे डिस्क. ताशी 20 ऐवजी 35 नं जाताना थांबवायची ऊर्जा तिप्पट होते, आणि रबराच्या ब्रेकचं ते काम नाही. पुढे 180 किंवा 203 मिलिमीटरची हायड्रॉलिक, दोन्ही लिव्हरला मोटर बंद करणारे स्विच. रीजन वापरत असाल तर टेकडीच्या माथ्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून उतरायला सुरुवात करू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी व्होल्ट ढकलले की बीएमएस (बॅटरी जपणारं आतलं सर्किट) जोड तोडतो, रीजन ऐन उतारावर नाहीसं होतं, आणि मोकळं सुटलेलं व्होल्टेज कंट्रोलरला जाळतं. चार्ज 90 टक्क्यांवर थांबवा.

पहिल्या 10 किलोमीटरनंतर एक्सलचे नट, पुन्हा 50 नंतर नट आणि स्पोक दोन्ही. नट आणि एक्सलवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की सायकल जागेवरच थांबवायची, टॉर्क आर्म काढून खाच तपासायची आणि मगच पुन्हा आवळायची.